दोन चुली, एक विहीर
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आज संगणकाविषयी बोलायचं आहे. पण मी त्या विषयातला जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कर्जतचा. तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. संगणक शिकलो तो पन्नाशी जवळ आल्यावर, एमएस-सीआयटीच्या वर्गात, माझ्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पुस्तकातलं नाही, अंगावर आलेलं आहे.

विषय असा. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जो मोठा प्रोग्रॅम जागा होतो आणि मग बाकीच्यांना कामाला लावतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांच्या संगणकावर ती विंडोज असते. लिनक्स ही दुसरी. एकाच संगणकावर या दोन्ही बसवता येतात. सुरू करताना स्क्रीनवर यादी येते, जी हवी ती निवडायची. आता समजा, ईमेलचा एकच प्रोग्रॅम आपण दोन्हीकडे बसवला. त्यानं इतकी वर्षं जमवलेली पत्रं, पत्ते, फाइली दोन्हीकडून दिसतील का? आपोआप दिसत नाहीत. दिसतील अशी व्यवस्था मात्र करता येते. ती कशी, आणि तिथे ठेच कुठे लागते, हे सांगायला मी आलो आहे.

हा प्रश्न पुन्हा निघाला त्याला कारण आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ बसवायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. मग लोक काय करतात? जुनं विंडोज राहू देतात आणि शेजारी लिनक्स बसवतात. खोपोलीतल्या एका ओळखीच्या दुकानदारानं हेच केलं, आणि आठ दिवसांनी मला फोन केला, ‘सर, माझी निम्मी मेल गायब आहे.’ मी त्याला म्हटलं, गायब नाही. दुसऱ्या घरात आहे. मला हे माहीत होतं, कारण २००७ साली माझं अगदी हेच झालं होतं.

तेव्हाची गोष्ट सांगतो.

आमचं मूळ गाव खालापूर तालुक्यातलं. भाताची थोडी खाचरं, वर वरकस जमीन, एक विहीर. मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, तो खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला आणि २००४ मध्ये मुलाकडे अमेरिकेत, न्यूजर्सीला गेला. धाकटी बहीण खोपोलीतच दिलेली. मी कर्जतला. गावाकडचं सगळं दादाच्या डोक्यात होतं. कुठला बांध कुणाचा, कुठल्या खाचरात आवण टाकायचं, आजोबांनी कुणाला तोंडी काय कबूल केलं होतं. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण सुरू झाला आणि आमच्या त्या पट्ट्यात जमिनीला गिऱ्हाइकं यायला लागली. पांढऱ्या गाड्या यायच्या, माणसं बांधावर उभी राहून हातवारे करायची. तेव्हा दादाला वाटलं, आपल्याला माहीत आहे ते लिहून ठेवावं. तो ईमेलनं लिहायला लागला. आठवड्याला एक पत्र, कधी दोन. आधी रोमन अक्षरांत मराठी, मग शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून फाइल जोडायची, शेवटी युनिकोड. म्हाताऱ्या माणसानं तीन लिप्या बदलल्या म्हणा ना.

माझ्याकडे विंडोज एक्सपी होतं आणि मेल वाचायला थंडरबर्ड. थंडरबर्ड हा मोझिलाचा मोफत प्रोग्रॅम, त्याची १.० आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली होती. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, मिनिटागणिक बिल, म्हणून मेल उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायची. त्या काळी मेल आणण्याची जी रीत सर्रास होती तिला पॉप म्हणतात. पॉपचा नेहमीचा रिवाज पोस्टमनसारखा. पत्र तुमच्या हातात दिलं की त्याच्या पिशवीत काही उरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावर उलटलं.

एकदा कुठल्याशा पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि विंडोज पार आडवं झालं. बहिणीचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. रविवारी खोपोली लोकलनं आला, हातात उबुंटूची सीडी. कॅनॉनिकल ही कंपनी २००५ ते २०११ या काळात ती सीडी मागेल त्याला घरपोच फुकट पाठवत असे. तो म्हणाला, ‘मामा, विंडोज नीट करून देतो, पण शेजारी लिनक्सही बसवून ठेवतो. एक बिघडलं तर दुसरं आहे.’ मला ते पटलं. कर्जतच्या माणसाला ते लगेच पटतं. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावलेलं आम्ही लहानपणापासून बघतो.

हार्ड डिस्क ८० जीबीची. तिची त्यानं वाटणी केली, संगणकवाले तिला पार्टिशन म्हणतात. निम्म्याहून जास्त विंडोजला, बाकी लिनक्सला. थंडरबर्ड दोन्हीकडे बसवला, माझा पत्ता आणि पासवर्ड दोन्हीकडे घातला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

मी खूश. कधी विंडोज उघडायचो, कधी लिनक्स. ज्या दिवशी जे उघडलं त्यात मेल उतरवायची. चार-पाच महिने असे गेले. आणि मग दादाचं एक पत्र आलं, ‘विहिरीविषयी आणि ताईविषयी मी तुला सविस्तर लिहिलं आहे. तू त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. तुझं म्हणणं काय ते स्पष्ट लिही.’

मी शोधलं. इनबॉक्स वरपासून खालपर्यंत बघितला. असं पत्रच नव्हतं. मी लिहिलं, ‘दादा, तू मला असं काही लिहिलेलं नाहीस.’ त्याचं उत्तर आलं, ‘लिहिलेलं आहे.’ मी पुन्हा लिहिलं, नाही. यावर तो जे समजायचं ते समजला. त्याला वाटलं, धाकट्याला विषय टाळायचा आहे. मला वाटलं, दादाचं वय झालं, विसरायला लागला. दोन महिने पत्र बंद. वहिनींचा एकदा फोन आला, पण त्या तब्येतीचंच बोलल्या.

दिवाळीला भाचा आला. मी त्याच्यापाशी तक्रार केली, मेल हरवते म्हणून. त्यानं लिनक्स सुरू केलं, थंडरबर्ड उघडला, पत्रं बघितली. मग संगणक बंद करून विंडोजमध्ये गेला, तिथली बघितली. मग हसायला लागला. ‘मामा, तुमच्याकडे दोन टपालपेट्या आहेत. एकीत सम पत्रं, दुसरीत विषम.’ अगदी तसंच झालं होतं. मी जिथून उतरवली ती मेल तिथेच राहिली आणि सर्व्हरवरून पुसली गेली. दादाचे प्रश्न एकीकडे, माझी उत्तरं दुसरीकडे.

ते पत्र लिनक्सच्या बाजूला होतं. पण मजकूर म्हणजे नुसती रोमन अक्षरांची जुडी, काही अर्थ लागेना. मी आलं तेव्हाच बघितलं असणार आणि जाहिरातीची कचरापट्टी समजून पुढे गेलो असणार. कारण जोडलेली फाइल होती शिवाजी फॉन्टमधली, आणि तो फॉन्ट होता फक्त विंडोजकडे. असल्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठतं ते मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खालचा चेहरा दिसतो. भाच्यानं विंडोजमधली फॉन्टची फाइल उचलली, लिनक्सच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली आणि पत्र पुन्हा उघडलं. उगवलं मराठी.

त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. विहीर सामाईक राहील, कुणी आपल्या वाट्यात दाखवायची नाही, वगैरे. मग एका ओळीवर तो थांबला आणि मग पुढचं मनातल्या मनात वाचलं. दादानं लिहिलं होतं की ताईचा वाटा तिला द्यायचा, तिच्या सहीनं सोडून घ्यायचा नाही. मुलींना बरोबरीचा हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती २००५ मध्ये झाली होती, दादानं ती वाचली होती. वाचणारा मुलगा त्याच ताईचा. मी त्याच्या आईचा विषय दोन महिने टाळतो आहे, असं दादा तिकडे समजून बसला होता, आणि मी पत्रच वाचलेलं नव्हतं.

त्या रात्री मी दादाला फोन लावला. ते असो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, आता कायमचा इलाज कर. त्यानं जो केला तो सांगतो, कारण आजही तो तसाच लागू आहे.

थंडरबर्ड आपला सगळा संसार एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. पत्रं, पत्ते, खात्यांची माहिती, सगळं त्यात. त्या फोल्डरचं नाव चमत्कारिक असतं, आठ अक्षरं-आकड्यांची खिचडी आणि पुढे टिंब देऊन डिफॉल्ट. विंडोजमध्ये तो तुमच्या नावाच्या फोल्डरच्या पोटात खोल असतो, लिनक्समध्ये टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम दोन्हीकडे वेगळा असला तरी या प्रोफाइलची आतली मांडणी एकच असते. इनबॉक्स म्हणजे एक लांबलचक साधी मजकुराची फाइल, एका पत्राखाली दुसरं पत्र. तिच्याजवळ एमएसएफ शेपटीची आणखी एक फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. अनुक्रमणिका बिघडली तर पुन्हा करता येते, पत्रं नाही.

मग साधी गोष्ट आहे. प्रोग्रॅम दोन असू द्यावेत, प्रोफाइल एकच ठेवावं, आणि ते दोन्ही घरांच्या बाहेर ठेवावं.

गावाकडच्या माणसाला हे समजवायला लागत नाही. भाऊ वेगळे झाले, घरात भिंत आली, चुली दोन झाल्या. विहीर मात्र सामाईक. ती कुणाच्याच अंगणात नसते. दादाच्या त्या पत्रातही तेच होतं.

भाच्यानं हार्ड डिस्कवर तिसरा भाग काढला, वीस जीबीचा, ना विंडोजचा ना लिनक्सचा. आधी थंडरबर्ड बंद केला. विंडोजमधलं प्रोफाइल त्या तिसऱ्या भागात नेऊन ठेवलं. मग ‘रन’च्या चौकटीत थंडरबर्ड, एक मोकळी जागा, आडवी छोटी रेघ आणि इंग्रजी मोठा पी, असं टाइप केलं. त्यानं प्रोफाइल निवडायची खिडकी उघडते. तिथे नवीन प्रोफाइल करताना फोल्डर कुठला ते विचारतात, त्याला सामाईक भागातला फोल्डर दाखवला. लिनक्समध्येही हेच केलं. तिथे आणखी एक काम असतं. सामाईक भाग लिनक्स सुरू होतानाच, दर वेळी त्याच नावानं जोडला जाईल अशी नोंद करावी लागते. नाहीतर थंडरबर्ड उघडतो तेव्हा विहीर जागेवर नसते आणि तो सांगतो, प्रोफाइल सापडत नाही.

फाटलेल्या दोन अर्ध्यांची शिवण कशी घातली तेही सांगतो. लिनक्सकडची ‘इनबॉक्स’ ही मजकुराची फाइल उचलून, तिचं नाव बदलून, सामाईक प्रोफाइलमधल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवली. अनुक्रमणिकेची फाइल मुद्दाम आणली नाही. थंडरबर्ड उघडला तर तिथे नवा कप्पा तयार, आत सगळी पत्रं. तिथून ती निवडून मूळ इनबॉक्समध्ये ओढली. त्या खोपोलीच्या दुकानदाराचंही मी असंच करून दिलं. त्याला चहाच्या पहिल्या कपापासून दुसऱ्या कपापर्यंत वेळ लागला.

तिसऱ्या भागाचं स्वरूप कसलं ठेवायचं, हा मात्र त्या वेळी अवघड प्रश्न होता. नेरळ स्टेशन आठवा. एका बाजूला मुंबई-कर्जतचे साडेपाच फुटी रूळ, दुसऱ्या बाजूला माथेरानच्या गाडीचे दोन फुटी, १९०७ पासूनचे. इकडचा डबा तिकडे जात नाही. हार्ड डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींचं तसंच आहे. लिनक्सची पद्धत विंडोजला आपणहून वाचता येत नाही. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत लिनक्सला वाचता यायची, पण तिच्यावर खात्रीनं लिहिता येणं नुकतंच कुठे जमायला लागलं होतं. एनटीएफएस-३जी नावाचा त्यासाठीचा प्रोग्रॅम २००७ मध्येच पक्का म्हणून जाहीर झाला. दोघांनाही बिनतक्रार येणारी जुनी पद्धत म्हणजे फॅट-३२. तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, पण माझा इनबॉक्स कुठे एवढा? फॅट-३२ केलं. आणि त्यातच दुसरी ठेच लागली.

ते भारनियमनाचे दिवस. खोपोलीला १९१५ पासून पाण्यावर वीज तयार होते आहे, आणि तिथून दोन-चार स्टेशनांवर आम्ही मेणबत्ती घेऊन बसलेलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वीज गेली की यूपीएसवर दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात सगळं आवरण्यापेक्षा मी एक युक्ती शिकलो होतो, हायबरनेट. त्यात विंडोज आहे त्या अवस्थेत, उघड्या खिडक्यांसकट, डिस्कवर स्वतःचं चित्र काढून ठेवतं आणि झोपतं. पुन्हा सुरू केलं की जिथे होतो तिथून पुढे.

एका संध्याकाळी थंडरबर्ड उघडा असताना वीज गेली. हायबरनेट केलं. रात्री वीज आली तेव्हा काय मनात आलं कोण जाणे, लिनक्स सुरू केलं, मेल उतरवली, दोन उत्तरंही लिहिली. सकाळी विंडोज जागं केलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत मध्ये कुणी येऊन गेलं ते. त्याच्या डोक्यात कालच्या संध्याकाळचा नकाशा, आणि त्या नकाशाबरहुकूम त्यानं डिस्कवर लिहायला सुरुवात केली. रात्रीची पत्रं तर गेलीच, आधीच्या काही आठवड्यांच्या पत्रांचे तुकडे एकमेकांत मिसळले. एका पत्राचं डोकं आणि विजेच्या बिलाच्या सूचनेचं धड, असं.

या वेळी मी दादाला आधी सांगितलं आणि मग रडलो. तो म्हणाला, ‘अरे, मी पाठवलेल्या सगळ्या पत्रांची प्रत माझ्याकडे असते.’ त्यानं ती गेलेली पत्रं एका रविवारी बसून पुन्हा पाठवली. तेवीस होती.

हायबरनेट मी सोडलं. पण तुमच्यापैकी जे आज हा उद्योग करतील त्यांनी हे नीट ऐका, कारण आता ही ठेच न विचारता लागते. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि ती बहुतेक संगणकांवर आधीपासूनच सुरू असते. तुम्ही ‘शट डाउन’ म्हणता, विंडोज बंद झाल्यासारखं दिसतं, पण निम्मं झोपलेलंच असतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. आपल्याला वाटतं विहिरीवर कुणी नाही, प्रत्यक्षात दोर अजून त्याच्या हातात असतो. एनटीएफएस असेल तर आजचं लिनक्स हे ओळखून बहुधा त्या भागात लिहायला नकार देतं. मग लोक चिडतात, कुठूनतरी जबरदस्तीची आज्ञा शोधतात आणि ती चालवतात. ते करू नका. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तोवर लिनक्समध्ये जायचं असेल तर ‘शट डाउन’ न म्हणता ‘रीस्टार्ट’ म्हणा. रीस्टार्ट करताना विंडोज पुरतं बंद होतं.

आवृत्त्यांचंही बघायला हवं. दोन्हीकडचा थंडरबर्ड शक्यतो एकाच आवृत्तीचा असावा. नव्यानं प्रोफाइलमध्ये बदल केले की जुन्याला ते कळत नाहीत. पूर्वी जुना मुकाट्यानं उघडायचा आणि गोंधळ करायचा. २०१९ नंतरच्या आवृत्त्या सरळ सांगतात, हे प्रोफाइल माझ्याहून नव्यानं वापरलेलं आहे, मी उघडणार नाही. अशा वेळी ‘नवीन प्रोफाइल करा’ असं बटण समोर असतं. ते दाबू नका, दुसरीकडचा प्रोग्रॅम अद्ययावत करा. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीपासून थंडरबर्ड ‘स्नॅप’ नावाच्या बंद खोक्यात येतो आणि त्या खोक्याला तुमच्या होम फोल्डरबाहेर बघायची मुभा सहजी नसते. त्यामुळे सामाईक भाग दाखवला तरी तो दिसत नाही म्हणतो. वेगळी परवानगी द्यावी लागते. खोपोलीच्या दुकानदाराकडे माझे दोन तास यातच गेले. नवीन संगणकांवर विंडोज डिस्क कुलूपबंद करतं, त्याची किल्ली लिहून ठेवली नसेल तर वाटणीच्या भानगडीत मुळीच पडू नका.

हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल, आणि ते बरोबरही आहे. आता पॉपच्या जागी आयमॅप आहे. त्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात, दोन्हीकडून तीच दिसतात, मोबाइलवरही दिसतात. ज्याची सगळी मेल तशी आहे त्यानं दोन्हीकडे नुसतं खातं घालावं आणि सुखानं झोपावं. ब्राउझरच्या खुणांचंही तेच, त्या खात्यातून जुळवता येतात. दुकानाचा हिशोब ज्या प्रोग्रॅममध्ये आहे तो फक्त विंडोजवर चालत असेल तर सामाईकपणाचा प्रश्नच येत नाही. त्यानं विंडोजमध्येच राहावं.

पण सर्व्हर म्हणजे काही आपली विहीर नव्हे, ती दुसऱ्याची. गुगलनंच २०२३ मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या सगळ्या मजकुरासकट काढून टाकली जाऊ शकतात. ती कारवाई त्या वर्षाच्या डिसेंबरपासून सुरू झाली. माणूस गेल्यावर त्याचं खातं कोण उघडणार?

दादा २०११ मध्ये गेला. त्याचं खातं दुसऱ्या एका कंपनीचं होतं, पुतण्याला पासवर्ड सापडला नाही, आणि ते केव्हातरी बंद पडलं. त्याच्याकडे असलेल्या प्रती त्याच्याबरोबर गेल्या. माझ्याकडे मात्र पाचशेच्या वर पत्रं आहेत. संगणक तीन बदलले, विंडोजच्या चार पिढ्या झाल्या, लिनक्सच्या किती ते मी मोजलं नाही. प्रोफाइलचा फोल्डर तोच, दर वेळी उचलून नव्या सामाईक भागात ठेवलेला. आता तो भाग एनटीएफएस आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी थंडरबर्ड बंद करून मी तो सगळा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. शिवाजी फॉन्टमधली पत्रं भाच्यानं युनिकोडमध्ये बदलून दिली, पण जुन्या फाइलीही ठेवल्या आहेत, फॉन्टसकट.

२०१३ मध्ये आम्ही बसून वाटणी केली. ताई, मी, आणि दादाच्या वतीनं पुतण्या. शेजारच्यानं एका बांधाविषयी हरकत काढली तेव्हा दादाचं पत्र छापून नेलं होतं. कायद्यात त्याला काय किंमत ते मला ठाऊक नाही. पण त्यात वडिलांनी बांध घातला तो उन्हाळा, गवंड्याचं गाव आणि त्या जागेवरच्या जांभळाची हकिकत होती. शेजाऱ्याच्या वडिलांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘हे बरोबर आहे.’ ताईचं नाव सातबाऱ्यावर लागलं. विहीर सामाईक आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीला भाच्यानं लिनक्सचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवलं होतं. संगणकाच्या आतल्या घड्याळाकडे विंडोज स्थानिक वेळ म्हणून बघतं, लिनक्स पुष्कळदा जागतिक. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. एका सेटिंगनं ते सुटतं, आणि नंतर सोडवलंही. पण त्या आधीच्या काही आठवड्यांत मी विंडोजमधून जी उत्तरं लिहिली त्यांच्यावर चुकीची वेळ पडली आहे. तारखेप्रमाणे लावली की दादानं विचारायच्या आधीच माझं उत्तर येतं. भाचा म्हणाला, दुरुस्त करून देतो, मजकुराचीच फाइल आहे, आकडा बदलला की झालं. मी नको म्हटलं. ती सात-आठ पत्रं तशीच आहेत.